बिनानंबरची स्कूटी, अडीचशे वॅट आणि पंचवीसचा स्पीड

दरवर्षी मे-जून आला की माझ्याकडे लोक एकच प्रश्न घेऊन येतात. दहावीचा रिझल्ट लागलेला असतो, पोट्ट्याला नाहीतर पोरीला ट्यूशन लावायची असते, घरापासून क्लास पाच-सहा किलोमीटर, रोजचा ऑटो परवडत नाही, बापाची ड्युटी, आईला गाडी येत नाही, आणि मग घरच्यांना पाहिजे असते "ते बिना लायसन्सवाली इलेक्ट्रिक स्कूटी". मी नागपूरचा मोटर रिवायंडिंगवाला माणूस, म्हणजे जळलेल्या मोटरीची आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देणारा. पंपाच्या, कूलरच्या मोटरी येतात, आणि आता तीन-चार वर्षांपासून स्कूटीच्या चाकातल्या मोटरीही येऊन राहिल्या, म्हणून ओळखीतले विचारतात की भाऊ, कोणती घ्यायची. प्रत्येकाला तोंडी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. कारण दुकानात अर्धीच गोष्ट सांगून राहिले, आणि जी अर्धी सांगत नाहीत ती पोरांच्या जिवाशी आहे.

आधी नियम काय ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे, त्यात दुसऱ्या नियमात बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची व्याख्या आहे. त्यात म्हटलंय की मोटरची तीस मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, म्हणजे अडीचशे वॅटच्या आत, गाडीचा जास्तीत जास्त स्पीड ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही, असं असेल तर ती कायद्याच्या नजरेत मोटार वाहनच नाही. पायडलवाली इलेक्ट्रिक सायकल असेल तर तिची मोटर स्पीड वाढत गेला तसा जोर कमी करत २५ वर पूर्ण बंद व्हायला पाहिजे, किंवा पायडल मारणं थांबवलं तर त्याच्या आधीच. आणि हे सगळं दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर चालत नाही, सरकारनं ठरवून दिलेल्या टेस्टिंग एजन्सीकडून तपासून घ्यावं लागतं, म्हणजे पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा संस्था. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, बरोबर ब्रेक, हेही त्यातच आलं.

मोटार वाहन नाही म्हटल्यावर मग रजिस्ट्रेशन नाही, नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही, इन्शुरन्स नाही, आणि हेल्मेटचं कलमही लागत नाही. केवढी मोठी सूट आहे ही बघा! हळू चालशील, हलकी राहशील, कमी ताकदीची राहशील तर सायकलीसारखी मोकळी जा, असं सरकारनं म्हटलंय. सूट ह्या तीन अटींवर आहे. अट मोडली की त्याच क्षणी ती गाडी साधी मोटारसायकल झाली, आणि तीही बिना नंबरची, बिना इन्शुरन्सची, आणि चालवणारा पंधरा वर्षांचा.

आता ते "तीस मिनिटांची पॉवर" काय भानगड आहे ते सांगतो, कारण ह्याच्यावर खूप गोंधळ आहे आणि हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे. मोटरवर किती वॅट लिहायचं हे खरं तर गरमीवर ठरतं. कोणतीही मोटर थोडा वेळ तिच्या लिहिलेल्या ताकदीपेक्षा जास्त खेचते, सिग्नल सुटल्यावर, खड्ड्यातून निघताना, चढावर. पाच-दहा सेकंद चारशे-पाचशे वॅट गेले तर वायंडिंगला काही होत नाही, तांबं तापायला वेळ लागतो. पण तेच अर्धा तास सतत खेचलं तर आतली वार्निश जळायला लागते. म्हणून टेस्टमध्ये बघतात की अर्धा तास सलग ही मोटर किती पॉवर देऊ शकते, आणि नियमातला आकडा तो आहे. म्हणजे उठताना एखादी कायदेशीर गाडी जोर मारते म्हणून ती लगेच बेकायदेशीर होत नाही. दुकानदार ह्याचाच फायदा घेऊन म्हणतात की "साहेब लिहिलं अडीचशे आहे पण पीक बाराशे आहे", पीक म्हणजे थोड्या वेळापुरती सगळ्यात जास्त पॉवर. पीक बाराशे आणि वर पंचेचाळीसचा स्पीड, म्हणजे ते पीक नाही, ती गाडी रोज तेवढंच खाऊन राहिली.

हे मी असंच हवेत बोलत नाही, हिशोब करून बघा. सपाट रस्ता, एकच माणूस, सरळ बसलेला, गाडी धरून एकशे दहा-वीस किलो. ताशी २५ ला टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा मिळून अंदाजे दोनशे ते सव्वादोनशे वॅट लागतात. म्हणजे नियमातले अडीचशे वॅट आणि पंचवीसचा स्पीड हे एकमेकांना धरून आहेत, उगाच कोणी मनात आले ते दोन आकडे लिहिलेले नाहीत. आता तीच गाडी ४५ वर न्या. टायरच्या घर्षणासाठी लागणारी पॉवर स्पीडच्या प्रमाणात वाढते, ती काही फार नाही, पण हवा कापायला लागणारी पॉवर स्पीडच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे स्पीड १.८ पट झाला तर हवेसाठीची पॉवर जवळपास पावणेसहा पट. सगळं मिळून साडेआठशे-नऊशे वॅटच्या घरात जातं. आणि हे फक्त चाकाला लागतात तेवढे, बॅटरीतून निघतात ते ह्याच्याहून जास्त. म्हणून ज्या गाडीवर २५० वॅटचं स्टिकर आहे आणि जी एका माणसाला घेऊन सपाट रस्त्यावर पंचेचाळीसनं पळते, तिच्यावरचं स्टिकर खोटं आहे. ह्यात वाद घालायला जागाच नाही.

मागे ताईसोबत भाचीसाठी गाडी बघायला गेलो होतो. दुकानाचं नाव घेत नाही, कारण एकच दुकान असं नाही. भाची अकरावीला, वय सोळा पण नाही झालं. दुकानातला पोरगा चांगला बोलणारा होता, ताईला खुर्ची दिली, पाणी दिलं, कलर दाखवले. मग म्हणाला, "ताई, कंपनीतून पंचवीसचीच येते, पण टेन्शन घेऊ नका, डिलिव्हरीच्या आधी आपण खोलून देतो, पंचेचाळीस-पन्नास आरामात." ताईनं विचारलं, "पण पोलिसांनी पकडलं तर?" तो म्हणाला, "नंबरच नाही ताई, चालान कशावर फाडतील?" हे तो लपवून नाही सांगत होता. बाजूला दुसरं गिऱ्हाईक बसलेलं, त्याच्यासमोर सांगत होता, जशी काही ती गाडीची एक सोय आहे, डिक्कीत चार्जर ठेवायला जागा आहे तशी. मला त्याचा राग त्या पोरापेक्षा ह्या गोष्टीवर आला की त्याला ते चूक वाटतच नव्हतं, आणि ऐकणाऱ्यांनाही नाही.

खोलून देतो म्हणजे काय करतात? सीटखाली नाहीतर पाय ठेवायच्या पाटाखाली एक ॲल्युमिनियमचा डबा असतो, हाताच्या पंजाएवढा, बाजूला पंख्यासारख्या पट्ट्या, त्यातून जाड पिवळी-हिरवी-निळी वायर मोटरकडे जाते आणि बारीक वायरींचा एक गुच्छा असतो. हा कंट्रोलर. त्यात स्पीड बांधून ठेवणारी एक बारीक वायर असते, ती जागेवर आहे तोवर गाडी पंचवीसच्या वर जात नाही, ती काढली की गाडी मोकळी. दोन मिनिटांचं काम, टूलसुद्धा लागत नाही. काही गाड्यांत तर हँडलवर एक-दोन-तीन असं बटण असतं आणि तीनवर टाकलं की झालं. माझं म्हणणं असं की जी मर्यादा दोन मिनिटांत निघते ती बनवणाऱ्यानं मनापासून घातलेलीच नव्हती. मोटरच मुळात मोठी बसवलेली असते, मर्यादा फक्त वायरीत असते.

मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक चाक आलं, मोटर जळलेली. उघडली तर आतून तो ओळखीचा करपट वास, तिन्ही फेजची तार काळी पडलेली, स्लॉटमधला कागद बोटानं चुरा होत होता. बाहेर स्टिकरवर २५० वॅट. आणलेल्या माणसाला म्हटलं कंट्रोलर पण घेऊन या. त्याच्या डब्यावर लेबल होतं, ६० व्होल्ट, करंट लिमिट २७ अँपिअर. गुणाकार करा, सोळाशे वॅटच्या वर होतात. मोटरमधली तार ज्या जाडीची होती ती अडीचशे वॅटच्या मोटरीत कोणी घालतच नाही, ती हजार-बाराशेची मोटर होती. त्याची बायको रोज पोराला मागे बसवून शाळेत सोडत होती, आणि दुपारी परत आणायला ऐन उन्हात. नागपूरचा मे म्हणजे हवाच पंचेचाळीस डिग्री, डांबराजवळ त्याहून जास्त, म्हणजे मोटर थंड व्हायलाच कुठे जागा नाही. मॅग्नेट एकदा जास्त तापले की त्यांची ताकद कमी होते ती परत येत नाही, मग तीच गाडी तेवढ्याच स्पीडसाठी आणखी करंट खेचते आणि आणखी तापते. बॅटरीचंही तेच, जी बॅटरी बारा-पंधरा अँपिअरच्या हिशोबानं घातली तिच्यातून दुप्पट खेचलं तर ती वर्षभरात बसते आणि मग लोक म्हणतात इलेक्ट्रिक गाडीत दम नाही.

पण मोटर जळली तर पैशाचं नुकसान आहे, ते भरून निघतं. मला काळजी ब्रेकची आहे. ह्या गाड्या पंचवीससाठी बनवलेल्या असतात, बारीक चाकं, साधे ड्रम ब्रेक, हलकी फ्रेम. पंचवीसवर अचानक समोर गाय आली (आणि आपल्याकडे गाय येतेच), तर ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद आणि नंतरचं थांबणं मिळून बारा मीटरच्या आसपास लागतात. पंचेचाळीसवर तेच अठ्ठावीस मीटर होतात, तेही ब्रेक चांगले असतील तर. धडक बसली तर तिची ऊर्जा सव्वातीन पट. पंधरा वर्षांच्या पोराला हे माहीत नसतं, त्याला कोणी ट्रॅफिकचे नियम शिकवलेले नाहीत, लर्निंगची परीक्षा दिलेली नाही, हेल्मेट नाही, आणि मागे दोन मित्र. संध्याकाळी ट्यूशन सुटायच्या टायमाला शंकर नगर चौकात नाहीतर त्रिमूर्ती नगरच्या रिंगरोडला पंधरा मिनिटं उभे राहून बघा, मी काय म्हणून राहिलो ते दिसेल.

"चालान कशावर फाडतील" ह्याचं उत्तरही देऊन टाकतो. २०२२ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन आयुक्तांनी सगळ्या आरटीओंना अशा बदल केलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं होतं, म्हणजे सरकारला हे माहीत नाही असं नाही. गाडीनं अट मोडली की ती मोटार वाहन झाली, आणि मग मोटार वाहन कायद्याची कलमं एकामागून एक लागतात. लायसन्स नसताना चालवली, कलम १८१, पाच हजार. रजिस्ट्रेशन नाही, कलम १९२, पहिल्या वेळेला पाच हजारांपर्यंत. इन्शुरन्स नाही, कलम १९६, दोन हजार नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकानं गाडीत बेकायदेशीर बदल केला तर कलम १८२ए, प्रत्येक बदलामागे पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि विकणाऱ्या डीलरला त्याच कलमाखाली एका गाडीमागे एक लाखाचा दंड होऊ शकतो, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे दुकानातल्या पोराला कोणी सांगितलेलं नसतं.

चालवणारा अठराच्या खालचा असेल तर सगळ्यात वाईट कलम १९९ए. ह्यात पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. आईबापांनो, हे दोनदा वाचा. पोरगा बारावी होऊन कॉलेज संपवून नोकरीला लागेल तरी त्याला लायसन्स नाही.

आणि समजा त्यानं कोणाला ठोकलं, चौकात रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला, तिचा पाय मोडला. इन्शुरन्स असलेल्या गाडीनं ठोकलं तर थर्ड पार्टीतून, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीसाठीच्या इन्शुरन्समधून, तिला भरपाई मिळते. इथे इन्शुरन्सच नाही, म्हणजे ती केस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टात, गेली तर पैसे गाडीमालकानं घरातून द्यायचे, आणि घरात नसतील तर त्या बाईला काहीच नाही. तिनं काय चूक केली होती? सगळे जण पोलिसांच्या चालानचाच विचार करतात, ह्या बाईचा कोणी करत नाही, मला हे खरंच खूप लागतं.

आता दुसरी बाजू. ही सूट वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, उलट ती टिकावी म्हणून लिहून राहिलो. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, बाहेरगावच्या पोरांचे डबे बनवतात आणि स्वतःच पोचवतात. आधी सायकलवर चार-पाच डबे न्यायच्या, गुडघे दुखायचे. मग पंचवीसवाली गाडी घेतली, खरी पंचवीसवाली, मीच कंट्रोलर बघून दिला होता. आता दोन्ही टाइमचे डबे प्रतापनगर, बजाजनगरच्या गल्ल्यांमधून फिरवतात. त्यांना लायसन्स काढायला आरटीओत जायची भीती वाटते, इन्शुरन्सचे पैसे दरवर्षी भरणं जड जातं, त्यांच्यासाठी ही सूट म्हणजे पोटापाण्याचा मार्ग आहे. पण रस्त्यात पोलिसांची मोहीम सुरू झाली की सगळ्यात आधी अडवतात त्यांना, कारण दिसायला दोन्ही गाड्या सारख्याच. पोलिसाला वायर कापलेली आहे की नाही हे उभ्या उभ्या कसं कळणार? एकदा चौकात त्यांना अर्धा तास उभं ठेवलं, डबे थंड झाले, पोरं जेवायची थांबली. आम्ही नंतर त्यांच्या डिक्कीत टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून ठेवली. पण उद्या अशा खोललेल्या गाड्यांवरचे पोट्टे वाढतच गेले आणि सरकारनं कंटाळून सूटच काढली, तर नुकसान ह्या काकूंचं आहे, त्या पोट्ट्यांचं नाही, त्यांचे बाप दुसरी गाडी घेऊन देतील.

लोक म्हणतात पंचवीसनं कसं होते भाऊ, मागून ट्रक येऊन राहिला असतो. ह्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. वर्धा रोडला किंवा कामठी रोडला, जिथे सगळे साठनं चालून राहिले, तिथे पंचवीसनं एका कडेनं जाणं भीतीदायकच आहे. पण त्याचा उपाय ती वायर काढणं नाही. ज्याला रोज वर्धा रोडनं मिहानकडे जायचं आहे त्यानं सरळ रजिस्ट्रेशनवाली इलेक्ट्रिक घ्यावी, हिरवी प्लेट, पांढरे अक्षर, इन्शुरन्स, लायसन्स, सगळं रीतसर, आणि इलेक्ट्रिक गाड्यांना रजिस्ट्रेशनची फी केंद्रानं २०२१ मध्येच माफ केलेली आहे. आणि ज्याला खामला ते धरमपेठ, नंदनवन ते महाल असं गल्लीबोळातून जायचं आहे त्याला पंचवीस पुरतं. सहा किलोमीटर जायला पंचवीसनं साडेचौदा मिनिटं लागतात, पंचेचाळीसनं आठ. फरक साडेसहा मिनिटांचा, तोही कागदावर, कारण मध्ये सिग्नल आहेत, खड्डे आहेत, सिमेंट रोडचं काम कुठेतरी चालूच असतं. पोरीला दहा मिनिटं आधी घरून काढा, बास.

माझी तक्रार नियमाबद्दल असेल तर ती स्पीडची नाही, वॅटची आहे. पंचवीस राहू द्या, पण अडीचशे वॅट आपल्या लोकांना कमी पडतात. आपल्याकडे गाडी एकट्यानं कोण चालवतो? आई आणि पोरगी, बाप आणि दोन पिशव्या, काकू आणि दहा डबे. समजा सगळं मिळून दोनशे किलो वजन आणि फ्लायओव्हरचा चढ शंभर मीटरला चार मीटर. अडीचशे वॅटमध्ये ती गाडी नऊ-दहाच्या स्पीडनं चढेल, मागे हॉर्नवर हॉर्न. पाचशे वॅट असते तर सतरा-अठरानं चढली असती, आणि वरती जाऊन सपाटीला पंचवीसवरच थांबली असती, कारण स्पीड वेगळा बांधता येतो. पॉवर चढासाठी लागते आणि धोका स्पीडचा असतो, हे दोन वेगळे विषय आहेत आणि नियमात दोन्ही एकाच दोरीनं बांधले गेले.

बाकी देशांनी हे वेगवेगळं सोडवलंय. युरोपात आपल्यासारखंच २५० वॅट आणि २५, पण तिथे पायडल मारावंच लागतं, नुसत्या मुठीवर चालणारी गाडी ह्या सुटीत बसत नाही, आणि ज्याला ४५ पाहिजे त्याला वेगळा वर्ग आहे, त्याला प्लेट लागते. ब्रिटनमध्येही अडीचशे वॅट, साडेपंधरा मैल म्हणजे तेच पंचवीस किलोमीटर, आणि वय कमीत कमी चौदा. आपल्याकडे ह्या गाड्यांना वयाची अटच नाही, ती असायला पाहिजे असं मला वाटतं. अमेरिकेत ७५० वॅटपर्यंत जाऊ देतात आणि स्पीड वीस मैल, म्हणजे बत्तीसच्या आसपास. कॅनडात पाचशे वॅट, बत्तीस. जपानवाल्यांचं तर मला फार आवडलं, तिथे ताशी दहा किलोमीटरपर्यंत तुमच्या पायाच्या जोराच्या दुप्पट जोर मोटर देते, मग हळूहळू कमी करत चोवीसवर शून्य. म्हणजे चढावर, सिग्नलवर, जिथे म्हाताऱ्या माणसाला मदत पाहिजे तिथे भरपूर, आणि पळायला काहीच नाही. पण आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण चीनचं आहे, कारण आपल्याकडचे कंट्रोलर आणि मोटरी तिथल्याच घडणीच्या असतात. त्यांनी २०१९ पासून जो स्टँडर्ड लावला त्यात स्पीड २५ च ठेवला पण मोटर चारशे वॅटपर्यंत चालते, आणि गाडी बनवतानाच अशी बनवायची की कोणाला सहज खोलता येऊ नये. मला हेच पाहिजे आपल्याकडे. वॅट वाढवा, पंचवीस कायम ठेवा, कंट्रोलर सीलबंद करा, आणि ज्याच्या दुकानात वायर कापली जाते त्याला ते एक लाखाचं कलम एकदा तरी लावून दाखवा. एकट्या पोट्ट्यांना चौकात अडवून हे थांबणार नाही, गाडी शोरूममधूनच तशी निघून राहिली.

गाडी घ्यायला जाणाऱ्यांसाठी शेवटचं. दुकानात गेल्यावर कलर बघायच्या आधी त्या मॉडेलचं टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट मागा, त्याच्यावर मॉडेलचं नाव आणि मोटरची पॉवर असते, ते गाडीच्या प्लेटवरच्या नावाशी जुळवा. "नंतर व्हॉट्सॲपवर पाठवतो" म्हणाला तर नंतरच पैसे द्या. सीट उघडायला लावा, कंट्रोलरचं लेबल वाचा, व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार हजाराच्या वर गेला तर ती अडीचशे वॅटची गाडी नाही, ते काहीही सांगोत. ट्रायल घेताना गाडी मुद्दाम पूर्ण मूठ पिळून चालवा, मोबाईलवर जीपीएसचा स्पीड बघा (तो मागे बसलेल्यानं बघायचा), कारण गाडीच्या मीटरवर काय दाखवायचं हेही त्यांच्या हातात असतं. बिलावर "लो स्पीड, २५ किलोमीटर" असं लिहून घ्या. आणि आधीच घेतलेली असेल आणि खोललेली असेल तर ती वायर परत जोडून घ्या, माझ्या दुकानात आणली तरी चालेल, त्याचे मी पैसे घेत नाही. फक्त एक, मोटर मुळातच मोठी असेल तर वायर जोडून स्पीड कमी होईल पण गाडी कायद्यात बसणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो, तेव्हा अशी गाडी निदान अठराच्या खालच्या पोराच्या हाती देऊ नका.

ताईनं त्या दुकानातून नाही घेतली. भाचीला सध्या पायडल असिस्टवाली सायकल घेऊन दिली, ती ट्यूशनला अंबाझरीच्या बाजूनं जाते, चढ आला की मोटर मदत करते. पहिले आठ दिवस कुरकुर होती की मैत्रिणींच्या स्कूट्या पुढे निघून जातात. आता त्यातल्या दोघी हिच्यासोबत सायकलनं येऊन राहिल्या.